मेंदूत साठलेले तांबे

द्राक्षबागेवर बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या बागायतदाराला तांब्याचा गुण सांगायला नको. पण मोरचुदाचे प्रमाण चुकले की तीच पाने करपतात. माणसाच्या शरीरालाही तांबे लागते ते अगदी थोडे. रोजच्या जेवणातून एक-दोन मिलिग्रॅम पोटात जाते आणि जादाचे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. काही मोजक्या मुलांत हे बाहेर टाकण्याचे कामच जन्मतः बिघडलेले असते. फवारणीशी याचा काही संबंध नाही. तांबे आधी यकृतात साठते, मग मेंदूत. लंडनचे डॉक्टर किनियर विल्सन यांनी १९१२ साली या रोगाचे वर्णन केले, म्हणून तो विल्सनचा रोग. साधारण ३०,००० माणसांत एखाद्याला तो होतो.

शाळकरी पोराचे चांगले अक्षर बिघडू लागते. हातातला पेला हिंदकळतो, बोलणे जड होते, लाळ गळते, पोर उगाच चिडते. कधी त्याआधी कावीळ होऊन गेलेली असते. घरात म्हणतात, बाहेरचे काही लागले. मग अंगारे-धुपारे, नवस, आणि वर्ष निघून जाते. मला या वाया गेलेल्या वर्षाचेच फार वाईट वाटते, कारण मेंदूच्या आनुवंशिक रोगांपैकी ज्यांवर चांगले औषध आहे, अशा थोड्यांतला हा एक.

अशा वेळी डॉक्टर मेंदूचा एमआरआय काढायला सांगतात. त्या यंत्रात मोठे लोहचुंबक असते, क्ष-किरण नसतात. आवाज फार होतो, पण दुखत नाही. हालचालींवर ताबा ठेवणारी केंद्रे मेंदूत खोलवर असतात. तिथे दोन्ही बाजूंना पांढरट डाग दिसतात. पांढरे दिसते ते तांबे नव्हे, तांब्याने इजा झालेला भाग. मध्यमेंदूच्या चित्रात कधी कधी चीनमधल्या पांडा अस्वलाचे तोंड उमटते, पांढऱ्यात दोन काळे डोळे! डॉक्टरही त्याला पांडाचा चेहराच म्हणतात. तो सर्वांत दिसत नाही, म्हणून डोळ्याच्या बुबुळाच्या कडेचे तपकिरी-हिरवट कडे, रक्त आणि २४ तासांची लघवीही तपासतात.

१९५६ साली जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामाइन हे औषध पुढे आणले. ते तांबे लघवीवाटे काढते. जस्ताच्या गोळ्या आतड्यातच तांबे अडवतात. (शेतातले झिंक सल्फेट मात्र कोणी पोटात घेऊ नये!) उपचार वेळेवर सुरू झाले, तर पुढच्या एमआरआयमध्ये ते डाग पुष्कळदा फिके पडलेले दिसतात, हातही स्थिरावतो. सुरुवातीला काहींचा त्रास वाढतो. तेव्हा डॉक्टरांना सांगावे, मनाने औषध सोडू नये. ते जन्मभर घ्यायचे असते. बरे वाटले म्हणून बंद केले, तर यकृत एकाएकी निकामी होऊ शकते.

आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक आले तरच हा रोग होतो. ते दोघे स्वतः धडधाकट असतात, तेव्हा सुनेला बोल लावण्यात अर्थ नाही. मामाची मुलगी करण्याच्या आपल्या रीतीत असा योग जुळण्याची शक्यता वाढते. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला चारांत एक धोका असतो. म्हणून एका मुलाला हा रोग निघाला की त्याची सख्खी भावंडे, हसतीखेळती असली तरी, लगेच तपासून घ्यावीत. त्यांच्यात तो लक्षणांआधी सापडला आणि औषध चालू राहिले, तर हात कापण्याची वेळ बहुधा येतच नाही. रोग्याला तांब्याच्या घागरीतले पाणी देऊ नये. घरातल्या निरोगी माणसांनी ते प्यायला हरकत नाही.