कृत्रिम हिरवळीची पारख वाळूत

गोल्फची पुटिंग ग्रीन, म्हणजे भोकाभोवतालची गुळगुळीत हिरवळ, आता बंगल्यांच्या व हॉटेलांच्या आवारात प्लॅस्टिकच्या गवताचीही बसवली जाते. गवताच्या भावावर भरपूर घासाघीस होते, वाळूकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. आमच्या मते ठेकेदार फसतो तो येथेच.

बांधकामाची वाळू चालत नाही. नदीच्या वाळूतील माती पाण्याचा निचरा अडवते, समुद्राच्या वाळूत मीठ नि शिंपले असतात, आणि दगड फोडून केलेल्या वाळूच्या धारदार कणांनी धागे झिजतात. हवी ती गोलसर कणांची, धुतलेली, वाळवलेली सिलिका वाळू. कण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, शक्यतो एकाच मापाचे. सिंधुदुर्गातील कासार्डे भागाला सिलिकाचा धंदा नवा नाही, पण फाउंड्रीसाठी भरलेला माल डोळे झाकून उचलू नये. मूठभर वाळू पेलाभर पाण्यात ढवळा. पाणी गढूळच राहिले तर गोणी परत करा.

गवत व वाळू दोन्ही कोरडी हवीत. पातळ थर द्यावा, ताठ झाडूने आत बसवावा, मग पुढचा थर. १० मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे १५-१६ किलो वाळू लागते. वाळू वाढेल तसा चेंडू वेगाने पळतो, म्हणून शेवटचे थर चेंडू घरंगळवून पाहतच द्यावेत. जास्त पडलेली वाळू काढणे महाकठीण.

गोणी ओतताना उडणाऱ्या बारीक धुळीने सिलिकोसिस होतो. हा फुप्फुसाचा आजार बरा होत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही. धूळ रोखणारा चांगला मास्क मजुराला ठेकेदारानेच द्यावा, आणि त्याचा खर्च दरपत्रकात आधीच धरावा.