शिकाऊ दंतचिकित्सालयाची आखणी : मागच्या खोलीपासून सुरुवात

आज आपण एका वेगळ्याच दवाखान्याविषयी बोलणार आहोत. इथे दात साफ करणारा विद्यार्थी असतो, त्याच्यामागे शिक्षक उभा असतो आणि खुर्चीत बसलेला माणूस खराखुरा रुग्ण असतो. मी दंतवैद्य नाही. फौजेत माझ्या नोकरीचा मोठा भाग इमारती, पाणी, वीज आणि सामान यांच्या हिशेबात गेला. असे दवाखाने बहुधा याच हिशेबात अडतात, म्हणून हा विषय मी घेतला.

आधी पार्श्वभूमी. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज म्हणजे गावातलं, कमी फीचं, दोन वर्षांचे व्यवसायशिक्षण देणारं महाविद्यालय. तिथला एक रुळलेला अभ्यासक्रम म्हणजे डेंटल हायजिनिस्ट. या व्यवसायाचं पहिलं रीतसर शिक्षण कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट गावी डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी 1913 साली सुरू केलं, तेही स्वतःच्या गॅरेजमध्ये. आपल्याकडे 1948च्या दंतवैद्यक कायद्यातही हायजिनिस्टची व्याख्या दिली होती. दातांवरचं कीटण काढणं, दात घासून गुळगुळीत करणं आणि लोकांना मौखिक स्वच्छता शिकवणं हे त्याचं काम. आपल्याकडेही हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. इंदूर, बडोदा, हुबळी, हैदराबाद अशा शहरांत आपल्यापैकी अनेक जण शिक्षणसंस्थांच्या कारभारात आहेत. उद्या हा विषय तुमच्या बैठकीत आला, तर काय विचारायचं ते आज पाहू. मात्र मान्यता आणि देखरेखीला पात्र दंतवैद्य या दोन गोष्टी आधी पक्क्या करा. भिंती नंतर.

बैठकीत पहिला प्रश्न हमखास येतो, “खुर्च्या किती घ्यायच्या?” दिसायला खुर्ची मोठी असते, देणगीदाराचं नावही तिच्यावरच लागतं. पण खुर्च्यांचा आकडा शेवटी निघतो. सुरुवात विद्यार्थ्यापासून करायची.

समजा, वर्गात 20 विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाने 60 रुग्णांचं काम पूर्ण करावं असं ठरलं. म्हणजे 1200 रुग्ण. नवशिक्याला एका रुग्णाला अख्खी पाळी, म्हणजे तीन तास लागतात असं धरा. चारातला एक रुग्ण ठरलेल्या दिवशी येत नाही असंही धरा. मग 1200 कामांसाठी 1600 वेळा द्याव्या लागतील. 10 खुर्च्या आणि सकाळ-दुपार अशा दोन पाळ्या असतील, तर दिवसाला 20 वेळा मिळतात. म्हणजे 80 दिवस. आठवड्याचे तीन दिवस दवाखाना चालला तर साधारण 27 आठवडे. परीक्षा आणि सुट्ट्या वजा करून वर्षात हे जेमतेम बसतं. आकडे तुम्ही तुमचे घाला, पण गणित याच क्रमाने करा.

यातून शिक्षकांची संख्याही निघते. अमेरिकेतल्या मान्यतेच्या नियमांत दवाखान्यात पाच विद्यार्थ्यांमागे किमान एक शिक्षक हवा. तोच हिशेब धरला, तर 10 खुर्च्यांना प्रत्येक पाळीला दोन शिक्षक लागतात, शिवाय देखरेखीचा दंतवैद्य. शिक्षक दोनच मिळणार असतील तर 15 खुर्च्या घेऊन उपयोग नाही. पाच खुर्च्या धूळ खातील किंवा पाच विद्यार्थी कुणाच्या नजरेशिवाय काम करतील. दुसरी शक्यता फार वाईट.

आता मागच्या खोलीकडे येऊ. फौजेत एक गोष्ट अंगात मुरते, रसद तुटली की आघाडी थांबते. या दवाखान्याची रसद म्हणजे निर्जंतुक उपकरणं. प्रत्येक रुग्णामागे एक संच वापरला जातो. तो धुवायचा, वाळवायचा, तपासायचा, पाकिटात बंद करायचा आणि ऑटोक्लेव्हमध्ये घालायचा. साध्या यंत्रात पाकिटबंद उपकरणांना 121 अंश सेल्सिअसला 30 मिनिटं लागतात. यंत्र तापणं, पाकिटं वाळणं आणि गार होणं वेगळं. खुर्चीपासून कपाटापर्यंत एका फेरीला दोन तास सहज धरा. सकाळची पाळी 12 वाजता संपली आणि दुपारची 1 वाजता सुरू झाली, तर सकाळचे संच दुपारी मिळणारच नाहीत. म्हणजे 10 खुर्च्यांना 10 नव्हे, 20 संच हवेत. त्यावर चार-पाच राखीव. पॉलिशिंगचं हँडपीससुद्धा प्रत्येक रुग्णानंतर ऑटोक्लेव्हमधूनच निघालं पाहिजे. नुसतं पुसून चालत नाही.

ऑटोक्लेव्ह एक असून भागत नाही. आठवड्यातून एकदा त्याची बीजाणू चाचणी करायची असते. चाचणीत जंतू जिवंत निघाले तर यंत्र बाजूला ठेवावं लागतं. दुसरं यंत्र नसेल तर दवाखाना बंद, किंवा कुणीतरी म्हणणार, “आजचा दिवस चालवून घ्या.” ते म्हणायची वेळच येऊ नये म्हणून दुसरं यंत्र. खोलीची रचनाही एकाच दिशेची हवी : एका दाराने मळकं आत, दुसऱ्या बाजूने स्वच्छ बाहेर. दोन्ही वाटा एकमेकींना छेदता कामा नयेत.

पाणी, हवा आणि वीज यांचं थोडक्यात सांगतो. खुर्चीतल्या बारीक नळ्यांत पाणी साचून जंतूंचा थर धरतो. दर मिलिलिटरला 500 पेक्षा जास्त जिवाणू वसाहती नकोत, ही मर्यादा प्रचलित आहे. म्हणून नळ्यांची सफाई आणि पाण्याची तपासणी वेळापत्रकात लिहा. कॉम्प्रेसर तेलविरहित घ्या आणि वेगळ्या खोलीत ठेवा, नाहीतर आवाजात शिक्षकाचं बोलणं ऐकू येणार नाही. एक्स-रे यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम लागतात. कचऱ्याला 2016चे जैववैद्यकीय कचरा नियम लागतात. सुया आणि धारदार वस्तूंसाठी न फुटणारा पांढरा डबा प्रत्येक खुर्चीच्या हाताशी हवा. रुग्णाच्या डोक्यामागे विद्यार्थ्याचं स्टूल फिरेल एवढी जागा सोडा आणि आडोसे एवढेच उंच ठेवा की उभ्या शिक्षकाला सगळ्या खुर्च्या दिसतील. डावखुऱ्या विद्यार्थ्यासाठी दोन्ही बाजूंनी वापरता येणारी निदान एक खुर्ची घ्या.

विद्यार्थ्याच्या सुरक्षेचीही तारीख असते. हेपटायटिस बीच्या लसीचे डोस पहिल्या दिवशी, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात घेतात. त्यानंतर प्रतिकारशक्ती आली का, हे रक्त तपासून पाहायचं. म्हणजे दुसऱ्या सहामाहीत रुग्णाला हात लावायचा असेल, तर पहिला डोस प्रवेशाच्या आठवड्यातच व्हायला हवा. इमारत तयार असूनही विद्यार्थी तयार नाही, असं होऊ देऊ नका.

शेवटी रुग्ण. पैसे कमी पडतात म्हणून तो इथे येतो. पण रोजंदारीवरच्या माणसाची अर्धा दिवस मजुरी बुडते, ती फीच्या कागदावर दिसत नाही. म्हणून संध्याकाळची किंवा रविवारची पाळी ठेवता येते का पाहा. काम विद्यार्थी करणार आहे आणि तीन तास लागतील, हे त्याच्या भाषेत आधी सांगा आणि मग संमती घ्या. तंबाखू खाणाऱ्याच्या गालात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला तर त्याला कुठे, कुणाकडे पाठवायचं हे दवाखाना उघडण्याआधी लेखी ठरलेलं हवं. हिरड्यांच्या रुग्णाला पुन्हा पुन्हा यावं लागतं, आणि विद्यार्थी तर दोन वर्षांत निघून जातो. त्याचे रुग्ण पुढच्या तुकडीत कुणाकडे गेले, याची वही हवी. मे महिन्याच्या सुट्टीत कुणाच्या हिरडीला सूज आली तर त्याने कुठलं दार ठोठवायचं, हेही भिंतीवर लिहिलेलं हवं.

तेव्हा मंडळी, पुढे कुणी असा आराखडा तुमच्यापुढे ठेवला, तर खुर्च्यांचं रंगीत चित्र नंतर बघा. आधी विचारा : रुग्ण कुठून येणार, शिक्षक किती, उपकरणांचे संच किती, दुसरा ऑटोक्लेव्ह कुठे आणि सुट्टीत जबाबदारी कुणाची? पाचही उत्तरं आकड्यांत आणि नावानिशी मिळाली, तर पुढे जा. स्वस्तात उपचार घेणाऱ्याला स्वच्छता महागड्या दवाखान्याइतकीच मिळाली पाहिजे. फरक वेळेत पडेल, फीमध्ये पडेल, उकळत्या वाफेत पडता कामा नये.