सिरोंच्यात बास गिटार घेताना

प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमाजवळचे सिरोंचा हे गडचिरोली जिल्ह्याचे दक्षिण टोक. जिल्ह्याचे ठिकाण दोनशे किलोमीटरहून लांब, आणि जवळचे रेल्वे स्टेशन तेलंगणातले मंचेरियाल. दोन्ही नद्यांवर पूल झाल्यापासून इथली माणसे बाजारहाटासाठी, दवाखान्यासाठी सर्रास पलीकडे जातात, वाद्यांचेही तसेच. इंग्रजी अमलात अमेरिकन मेथॉडिस्ट मिशनने इथे ठाणे मांडले, त्यामुळे चर्चमधले सामूहिक गायन या गावाला जुने आहे. तेलंगणातल्या चर्चमध्ये कीबोर्ड, ड्रम आणि बास असा संच आता नेहमीचा झाला आहे, आणि नदीच्या अलीकडच्या पोरांनाही तो खुणावतो. लग्नाचा ऑर्केस्ट्रा, गणपतीतले कार्यक्रम ही आणखी निमित्ते.

बास गिटारबद्दलचा बहुतेक सल्ला मात्र मुंबई-पुण्याच्या माणसासाठी दिलेला असतो. वाद्य बिघडले तर संध्याकाळी कारागिराकडे टाकता येईल, असे त्यात गृहीत असते. सिरोंच्यात तसे नाही. म्हणून इथे पहिला प्रश्न आवाजाचा नसून दुरुस्तीचा आहे: गावात बसून जी नीट करता येईल, तीच बास घ्यावी.

हे वाद्य काय करते

चार जाड तारा, खालून वर ई, ए, डी, जी. साध्या गिटारच्या खालच्या चार ताराच, पण एक सप्तक खाली. सर्वात जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. हा आकडा लक्षात ठेवावा, स्पीकर घेताना तो कामाला येतो. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बास बाजारात आणली आणि माणसाएवढ्या उंच डबल बासचे काम गळ्यात अडकवता येईल अशा वाद्यावर आले. विजेवर चालणारी, पडद्यांची बास त्याआधी १९३०च्या दशकात सिएटलच्या पॉल टटमार्क यांनी केली होती, पण ती चालली नाही. आपल्याकडे हा आवाज घरोघरी पोचला तो हिंदी सिनेमामुळे. राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांतली बास ऐकली असेल तर टोनी वाझ यांचा हात तुम्ही ऐकला आहे, नाव माहीत नसले तरी. बासवाल्याच्या नशिबी बहुधा हेच येते.

कोणती घ्यावी

चार तारांची, पॅसिव्ह, आणि नेक, म्हणजे मान, बोल्टने जोडलेली.

पॅसिव्ह म्हणजे आत बॅटरी नसलेली. अ‍ॅक्टिव्ह बासमध्ये ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे छोटे सर्किट असते. आवाजाला जास्त वळणे देता येतात हे खरे, पण ते सर्किट गेले की सुटा भाग शोधत बसावे लागते. पॅसिव्ह बासच्या पोटात नॉबखालचे दोन-तीन पॉट, एक कपॅसिटर, एक जॅक आणि थोडी वायर, एवढाच संसार. यामाहाची टीआरबीएक्स १७४ या जातीची आहे. आयबानेझची जीएसआर २०० लोकप्रिय असली तरी तिच्यात बॅटरी लागते, हे घेण्याआधी माहीत असावे.

पाचवी तार नवशिक्याला नको. ती सुमारे ३१ हर्ट्झपर्यंत खाली जाते, आणि तो आवाज ऐकवणारा स्पीकर गावात सहसा नसतो. पैसे मोजायचे आणि ऐकू काही यायचे नाही, असा तो व्यवहार.

मोकळ्या तारेची लांबी नेहमीच्या बासवर ३४ इंच असते. हात लहान असेल, किंवा शिकणारे मूल बारा-तेरा वर्षांचे असेल, तर ३० इंची शॉर्ट स्केल घ्यावी. पॉल मॅकार्टनी यांची प्रसिद्ध होफ्नर त्याच मापाच्या आसपासची आहे, त्यामुळे कमीपणा वाटण्याचे कारण नाही. अडचण एकच: तिच्या तारा वेगळ्या मापाच्या असतात आणि लहान गावांच्या दुकानांत मिळत नाहीत. दोन संच आधीच आणून ठेवावेत.

जुनी बघताना

करीमनगर, वरंगल, हैदराबाद या बाजूला वापरलेल्या बास मिळतात, आणि सिरोंच्याच्या माणसाला तेलुगू येत असल्याने घासाघीस करायलाही अडचण नाही. बास डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून नेकची कड बघावी. किंचित बाक चालतो, पीळ चालत नाही. पिळलेली नेक फुकट दिली तरी घेऊ नये. मग प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून वाजवावी. एखाद्या जागी सूर मरत असेल किंवा खरखरत असेल तर तो पडदा उचललेला किंवा झिजलेला आहे. नेकमधली सळई, म्हणजे ट्रस रॉड, पूर्ण आवळून संपलेली नाही ना, हे विक्रेत्यासमोरच पाना लावून थोडे फिरवून पाहावे. नॉब फिरवताना येणारी करकर मात्र भाव पाडायला उत्तम, कारण ती दहा मिनिटांत जाते.

अ‍ॅम्प, मिक्सर आणि भोंगे

इथे बहुतेकांचे पैसे चुकीच्या जागी जातात. सगळे बजेट वाद्यात घालून उरलेल्या पैशांत लहानसा गिटार अ‍ॅम्प घेतात. त्याचा स्पीकर बासचे खालचे सूर पेलत नाही. आवाज वाढवला की कोन फाटतो. बासचा अ‍ॅम्प परवडत नसेल तर कीबोर्डचा घ्यावा, तो खालपर्यंत जातो.

कार्यक्रमात बास थेट मिक्सरला जोडली की आवाज पातळ आणि मेलेला येतो. दोष वाद्याचा नसतो. पॅसिव्ह पिकअपला, म्हणजे तारांखालच्या चुंबकी गुंडाळीला, समोर मोठा अवरोध लागतो, दहा लाख ओहमच्या घरातला. मिक्सरच्या लाइन इनपुटचा असतो साधारण दहा हजार. मध्ये हा अवरोध जुळवणारा डीआय बॉक्स टाकला की प्रश्न मिटतो. काही मिक्सरच्या एखाद्या चॅनेलवर गिटारसाठी वेगळे बटण असते, ते आधी शोधावे.

आणि भोंगे. मंडपाच्या खांबाला बांधलेल्या कर्ण्यातून दोन-तीनशे हर्ट्झच्या खालचे जवळजवळ काही येत नाही, आणि बासचा मूळ सूर तर ४१ पासून सुरू होतो. त्यामुळे भोंग्यावर बास वाजवणे म्हणजे हवेत बोटे हलवणे. डीजेवाल्याच्या मोठ्या पेट्या असतील तर त्याच्याशी गोड बोलून एक चॅनेल मागून घ्यावा.

अर्थिंगबद्दल थट्टा नको. जनरेटरवर किंवा ओढून आणलेल्या वायरवर कार्यक्रम असतो, प्लगचा तिसरा पाय कोणीतरी काढलेला असतो. बासवाल्याच्या हातात धातूच्या तारा आणि ओठांजवळ माइक. दोन्हींचे अर्थिंग वेगळे असले तर झटका जीवघेणा ठरू शकतो. गाण्याआधी माइकच्या जाळीला टेस्टर लावून बघावा आणि तिसरा पाय कधीही कापू नये.

टीव्ही दुरुस्तीवाल्याचे काम

बासच्या निम्म्याहून अधिक तक्रारी विजेच्या असतात, आणि त्या बऱ्या करणारा माणूस सिरोंच्यातही आहे: टीव्ही, मिक्सर, मोबाइल दुरुस्त करणारा. त्याने बास आयुष्यात पाहिली नसेल, पण डाग द्यायला त्याला शिकवावे लागणार नाही.

वायर हलवली की आवाज जातो-येतो? जॅकचा नट सैल होऊन आतली वायर तुटली आहे. जॅक साधा पाव इंची, कोणत्याही माइकच्या दुकानात मिळणारा. नॉब करकरतो? पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तो वीसेक वेळा फिरवावा. त्यानेही भागले नाही तर पॉट बदलावा. साध्या सिंगल कॉइल पिकअपला २५० किलोओहमचा लागतो आणि टोनला ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. हे दोन आकडे चिठ्ठीवर लिहून दुरुस्तीवाल्याला दिले की पुरे.

गुणगुण येत असेल तर तारांना हात लावून बघा. हात लावल्यावर ती थांबली तर ब्रिजची अर्थ वायर शाबूत आहे, फक्त आतल्या पोकळीला आवरण कमी आहे. हात लावल्यावर उलट वाढली तर वायरिंगमध्ये किंवा जागेच्या अर्थिंगमध्ये गडबड आहे. आधी प्लग काढा.

मान आणि हवामान

चंद्रपूर-गडचिरोलीचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, आणि जूनच्या अखेरीस तीच हवा ओल्या फडक्यासारखी होते. लाकूड हे सोसते, पण हलते. कोरड्या महिन्यांत फिंगरबोर्ड आकसतो आणि पडद्यांची टोके कडेने बाहेर येऊन हाताला बोचू लागतात. पावसाळ्यात नेकचा बाक बदलतो. म्हणून वर्षातून दोनदा, मे आणि ऑगस्टमध्ये, बास स्वतः तपासायची.

जाड तार पहिल्या पडद्यावर आणि नेक जिथे अंगाला जोडली आहे तिथल्या पडद्यावर एकदम दाबून धरा. सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांत व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने फिरवा, फट नसेलच तर उलट. एका वेळी पाव फेरा. मग वाद्य पुन्हा सुरात लावून तासभर ठेवा, मगच पुढचा पाव. जोर लावावा लागत असेल तर थांबा. सळई तुटली तर तो खर्च नव्या बासइतका.

नेक सरळ झाली की बाराव्या पडद्यावर तारेची उंची दोन ते अडीच मिलिमीटर ठेवावी. शेवटी सुराची तपासणी: बाराव्या पडद्यावर तारेला नुसते बोट टेकवून येणारा सूर आणि दाबून येणारा सूर ट्यूनरवर एकच यायला हवा. दाबलेला चढा येत असेल तर ब्रिजवर तार टेकते ते सॅडल मागे सरकवून तार लांब करा, उतरलेला असेल तर पुढे. क्रम मात्र हाच ठेवायचा. आधी सॅडल आणि मग नेक केली तर सगळे पुन्हा करावे लागते.

बंद गाडीत, पत्र्याच्या खोलीत बास ठेवू नये. उन्हात डिंक सैल होतो. पुराच्या दिवसांत ती माळ्यावर, केसमध्ये. जुलै २०२२ मध्ये गोदावरी-प्राणहितेचे पाणी तालुक्यातल्या गावांत शिरले होते, आणि भिजलेले लाकूड सुकले तरी पूर्वीचे राहत नाही. अ‍ॅम्पही जमिनीवर नको.

सागाच्या जंगलात शिसवाची आठवण

आलापल्ली-सिरोंचाचा साग नामांकित. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारपूरच्या आगारातून साग गेला. मग सागाचीच बास का करू नये, असा प्रश्न इथल्या सुताराला पडणे स्वाभाविक आहे. करता येते. मात्र साग परदेशी बासच्या अंगाला वापरल्या जाणाऱ्या आल्डरहून जड, त्यामुळे दोन तासांनी खांदा बोलतो. आणि त्याच्यात नैसर्गिक तेल असल्याने डिंक लावण्याआधी जोडाची जागा थिनरने पुसावी लागते. लाकडाची पावती आणि वाहतूक परवाना असल्याशिवाय हे काम हातात घेऊ नये.

बासच्या जगात आपल्या जंगलाची खरी ओळख शिसवामुळे आहे. ब्राझीलचे शिसव दुर्मिळ झाल्यावर जगभरच्या कारखान्यांनी फिंगरबोर्डसाठी भारतीय शिसव घेतले. २०१७ मध्ये शिसवाच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कागदपत्रांची अट आली, तेव्हा बऱ्याच कंपन्या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्या अटीतून सूट मिळाली.

काळी एक, पांढरी चार

गायक तुम्हाला पट्टीचे इंग्रजी अक्षर सांगणार नाही. तो म्हणेल, ‘काळी एक’. तेव्हा हे पाठ हवे: जाड ई तार मोकळी म्हणजे पांढरी तीन. तिच्याच पहिल्या पडद्यावर पांढरी चार, दुसऱ्यावर काळी तीन, तिसऱ्यावर पांढरी पाच, चौथ्यावर काळी चार, पाचव्यावर पांढरी सहा, सहाव्यावर काळी पाच, सातव्यावर पांढरी सात. शेजारच्या ए तारेवर तिसरा पडदा पांढरी एक, चौथा काळी एक, पाचवा पांढरी दोन, सहावा काळी दोन. बारा पट्ट्या झाल्या.

षड्ज सापडला की बाकीचे हाताच्या सवयीचे. पुढच्या तारेवर त्याच पडद्याला मध्यम, दोन पडदे पुढे पंचम, आणि एक तार सोडून दोन पडदे पुढे वरचा सा. बहुतेक भक्तिगीते आणि निम्मी सिनेगीते एवढ्यावर निभावतात.

खरी कसोटी तबल्याशी जमवून घेण्याची. डग्गा आणि बास एकाच खोलीत राहतात; दोघेही बोलत राहिले तर कोणीच ऐकू येत नाही. केरव्यात समेवर सा द्या, मध्ये गप्प राहा, आणि डग्गा पुन्हा उघडतो त्या सातव्या मात्रेला पंचम किंवा सा. दादऱ्यात पहिल्या मात्रेला सा, चौथीला पंचम. पखवाजाच्या भजनात बास नेऊच नये असे माझे मत आहे. ती जागा भरलेली असते.

उत्तरेकडे वडसा देसाईगंजच्या झाडीपट्टी नाटकांत संगीत रंगमंचासमोर प्रत्यक्ष वाजते, आणि तिथे बासचे काम बहुधा ऑर्गन किंवा कीबोर्डवाल्याचा डावा हात करतो. सिरोंच्यातही बास घेऊन गेलात की तोच डावा हात समोर असणार. सवयीने तो खालचे सूर धरत राहतो, आणि दोघांचा सूर केसभर वेगळा असला तरी सगळा मंडप गढूळ होतो. तालमीच्या पहिल्याच दिवशी त्याला सांगून ठेवावे: डावा हात मधल्या सप्तकाच्या खाली आणू नकोस, आणि ट्रान्सपोज दाबून पट्टी बदललीस तर मला आधी सांग.