विश्लेषण : पवई तलावाकाठचा सायकल ट्रॅक का रद्द झाला?

गाड्यांची वर्दळ नसलेला सायकल मार्ग मुंबईकरांना हवाच आहे. मग पवईचा का अडला? तलावाकाठी गॅबियन पद्धतीने, म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरून, ट्रॅक बांधला जात होता. दगडांतून पाणी झिरपते, म्हणून हा भराव नव्हे, असा महापालिकेचा दावा. पाणी झिरपेल हो, पण उन्हाला काठावर येणाऱ्या मगरींनी जायचे कुठे?

आयआयटी मुंबईचे संशोधक विद्यार्थी न्यायालयात गेले. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने काम बेकायदा ठरवले आणि झालेले बांधकाम काढून जागा पूर्ववत करण्याचे आदेश दिले. २०१७ च्या नियमांनुसार पाणथळ जागेत कायमस्वरूपी बांधकामाला मनाई आहे.

तूर्त बोरिवलीचे नॅशनल पार्क आहेच. कान्हेरीचा रस्ता मात्र डांबरी आणि चढाचा. सोमवारी उद्यान बंद असते.