मुलं, सुख आणि आकडेवारीतली गफलत

‘मूल झालं की संसार मार्गी लागतो’ असं घरातले म्हणतात. ‘मुलं असलेले लोक कमी आनंदी असतात, संशोधनच सांगतं’ असं व्हॉट्सॲपवर फिरत असतं. दोन्हीच्या जोरावर लोक निर्णय घेतात, सुनांना टोमणेही मारतात. पण मुलं असलेले आणि नसलेले असे दोन गट घेऊन नुसत्या सरासऱ्या ताडल्या, तर कुठलाच दावा टिकत नाही.

कारण हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नाहीत. औषधाच्या चाचणीत गोळी कोणाला द्यायची ते आपण ठरवतो. मूल कोणाला द्यायचं ते कसं ठरवणार? (नैतिकता समितीकडे असा अर्ज नेऊन बघा!) ज्यांचं नातं बरं चाललंय, नोकरी टिकाऊ आहे, ते मुलाचा विचार जास्त करतात, म्हणजे सुख आधी आणि मूल नंतर, असंही असेल. शिवाय ‘मूल नाही’ या एकाच रकान्यात मूल नकोच असलेले आणि हवं असून न झालेले, दोघेही कोंबलेले असतात.

यावर एक उपाय म्हणजे त्याच माणसांना वर्षानुवर्षं विचारत राहणं. मिरस्किला आणि मार्गोलिस यांनी २०१४ साली जर्मनी आणि ब्रिटनची अशी आकडेवारी तपासली. पहिल्या मुलाच्या सुमारास समाधान वाढतं आणि मग साधारण पूर्वीच्या पातळीवर येतं. पण ही वाढ जन्माच्या आधीच सुरू होते! ती वाट पाहण्यातली खुशी असेल, किंवा दिवस बरे आले म्हणून मूल ठरवलं असेल. दुसरं खरं असेल, तर नंतरची घसरण मुलाच्या खात्यावर टाकता येत नाही. चांगले दिवस एरवीही ओसरतातच.

मला सगळ्यात आवडलेली युक्ती डेन्मार्कच्या आकडेवारीतली. लुंडबोर्ग, प्लग आणि रासमुसेन यांनी २०१७ साली आयव्हीएफ करून घेणाऱ्या स्त्रिया घेतल्या. पहिला प्रयत्न यशस्वी होतो की नाही, यात नशिबाचा भाग मोठा, म्हणजे जवळजवळ चिठ्ठीच. त्यांनी मोजली ती कमाई, सुख नव्हे. सुखासाठी हीच युक्ती वापरली तर अडचण येते: उपचार फसल्याचं दुःख स्वतःच मोठं असतं. मग तुलना ‘मूल’ विरुद्ध ‘मूल नाही’ अशी राहतच नाही, ती ‘मूल’ विरुद्ध ‘अपेक्षाभंग’ अशी होते. आणि ज्यांना मूल नकोच आहे, त्यांच्याबद्दल तर यातून काहीच कळत नाही.