चकाकी घालवा, उजेड नव्हे

कोथरूडमधील पश्चिमाभिमुख सदनिकेत मावळतीचे ऊन शिरले, की दिवाणखान्यातील प्रत्येक काच आरसा होते. टीव्हीच्या पडद्यावर खिडकीच दिसू लागते, तसबिरीतील चेहरे हरवतात आणि आजोबा डोळ्यांवर हात धरून म्हणतात, ‘‘तो पडदा ओढ गं.’’ पडदा ओढला जातो, खोली अंधारते. मग पायपुसण्याची दुमडलेली कड दिसत नाही आणि पाय अडखळतो.

वार्धक्यात डोळ्याची बाहुली लहान होते, नेत्रभिंग पिवळसर व गढूळ होऊ लागते. विशीच्या तुलनेत साठीत दृष्टिपटलापर्यंत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. तोही विखुरतो, म्हणून डोळे दिपतात. म्हणजेच ज्येष्ठांना उजेड अधिक हवा असतो, नको असते ती केवळ चकाकी.

साध्या काचेवर समोरून पडलेल्या प्रकाशापैकी प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के, म्हणजे दोन्ही मिळून ८ टक्के प्रकाश परततो. किरण फार तिरपे असतील तर त्याहून पुष्कळ अधिक. १८८६ मध्ये लॉर्ड रॅले यांना आढळले, की हवेने पुटे चढलेली जुनी काच नव्या काचेपेक्षा अधिक प्रकाश आरपार जाऊ देते. पुढे १९३५ मध्ये झाइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर मुद्दाम असा थर चढवण्याची रीत शोधली. केसाहून शेकडोपट पातळ अशा या थराच्या दोन्ही बाजूंवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना पुसून टाकतात. चकाकी घटते, काच मात्र अधिकच स्वच्छ दिसते. चष्म्यावरील परावर्तनरोधक लेपाचे तत्त्व हेच. हा लेप कोरड्या पदराने पुसू नये, धुळीने चरे पडतात. आधी पाण्याखाली धरावे, सौम्य साबणाचा एक थेंब लावावा, मग मऊ मायक्रोफायबर कापडाने टिपावे.

घरात टीव्ही खिडकीच्या समोर न ठेवता तिला काटकोनात ठेवावा. तसबिरीला खरबरीत, निस्तेज काच चालते, कारण चित्र तिला चिकटून असते. खिडकीला तीच काच लावली तर बाहेरचे दृश्य धूसर होते. मावळतीचे ऊन छज्जाखालून तिरपे येते. त्यासाठी खिडकीबाहेर बांबूची चिक सोडावी, आत पातळ पांढरा पडदा लावावा. काचेवरील धुळीमुळेही प्रकाश विखुरतो, म्हणून काचा पुसलेल्या असाव्यात. मात्र त्यासाठी ज्येष्ठांनी स्टुलावर चढू नये. गॅलरीच्या स्वच्छ काचेच्या दारावर नजरेच्या उंचीवर रंगीत पट्टी चिकटवावी, म्हणजे कुणी त्यावर आदळणार नाही. घरात गडद गॉगल वापरणे टाळावे.

एवढे करूनही समोरच्या वाहनांचे दिवे सहन होत नसतील, तर दोष काचेचा नसून मोतीबिंदूचा असू शकतो. नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. दिव्याभोवती रंगीत वलये दिसून डोळा दुखू लागला, लाल झाला, मळमळू लागले, तर तो काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो. तेव्हा सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

आज संध्याकाळी पडदा ओढण्यापूर्वी ज्येष्ठांच्या खुर्चीत क्षणभर स्वतः बसून पाहा. नेमकी कोणती काच डोळ्यांत खुपते, ते तिथूनच कळेल.