क्लाउड-यंत्रणेचा साचा : वर्णन की आज्ञा?

१

भाषेने वस्तुस्थितीचे वर्णन करता येते, तसेच वस्तुस्थिती घडवून आणण्यासाठीही भाषेचा उपयोग होतो, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांस नवी नाही. या दोन कार्यांमधील सीमारेषा विशेष स्पष्टपणे तपासता येईल असा एक लेखनप्रकार संगणकाच्या क्षेत्रात अलीकडे रूढ झाला आहे. 'इन्फ्रास्ट्रक्चर ॲज कोड' या नावाने तो ओळखला जातो. सर्व्हर, साठवण, जाळे इत्यादी पायाभूत यंत्रणा हाताने न उभारता तिचे वर्णन करणारी संहिता लिहावयाची, आणि त्या संहितेवरून संगणकाकडून ती यंत्रणा उभी करवून घ्यावयाची, अशी ही पद्धती होय. अशा संहितेस 'टेम्प्लेट' म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी 'साचा' हा शब्द योजिला आहे.

साचा वर्णन करतो की आज्ञा देतो, आणि साचा व प्रत्यक्ष यांत विसंवाद उत्पन्न झाल्यास चूक कोणत्या बाजूची मानावयाची, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. हे प्रश्न केवळ तात्त्विक नाहीत. बोलींची ध्वनिमुद्रणे, शब्दसंग्रह, व्याकरणिक नोंदी असे भाषिक सामग्रीचे संग्रह आता क्लाउडवर ठेविले जातात. ते टिकणे वा नष्ट होणे पुष्कळदा या प्रश्नांच्या उत्तरावर अवलंबून असते.

२

'क्लाउड' म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचे दूरस्थ संगणक लागतील तेव्हा, लागतील तेवढे भाड्याने वापरण्याची सोय. ॲमेझॉन कंपनीने २००६ साली 'एस-थ्री' ही साठवणीची व 'ईसी-टू' ही भाड्याच्या सर्व्हरची सेवा सुरू केली, तेव्हापासून या सोयीचा झपाट्याने प्रसार झाला. २०१६ साली याच कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. साच्यांमध्ये त्याचा निर्देश 'एपी-साउथ-१' या सांकेतिक नावाने होतो. मायक्रोसॉफ्टचे पुण्यातील केंद्र मात्र 'सेंट्रल इंडिया' या नावाने ओळखले जाते. भूगोल जाणणाऱ्यास पुणे मध्य भारतात आहे हे मान्य होणार नाही, परंतु साच्यात नावाचा अर्थ संकेताने ठरतो, व्युत्पत्तीने नव्हे.

पडद्यावर चार पर्याय निवडले की सर्व्हर मिळू लागला. त्यामुळे उभारणी सुलभ झाली, पण एक नवी अडचण उत्पन्न झाली. कोणता पर्याय कोणत्या हेतूने निवडला, हे निवडणाऱ्याच्या स्मरणातच राहू लागले. तो माणूस दुसरीकडे गेला की यंत्रणा चालू राही, पण ती तशी का आहे हे सांगणारे कोणी उरत नसे.

या अडचणीवरील उपायाची कल्पना क्लाउडपेक्षा जुनी आहे. मार्क बर्जेस या संशोधकाने १९९३ साली ओस्लो विद्यापीठात, सैद्धांतिक भौतिकशास्त्र विभागातील थोड्याशा संगणकांची व्यवस्था पाहण्यासाठी, 'सीएफएंजिन' नावाची प्रणाली रचिली. प्रत्येक संगणक कोणत्या स्थितीत असावा हे तीत लिहून ठेवीत आणि त्या स्थितीकडे संगणकास नेण्याचे काम प्रणाली करी. ॲमेझॉनच्या 'क्लाउडफॉर्मेशन'ने २०११ साली हीच कल्पना क्लाउडच्या उभारणीस लावली. हॅशिकॉर्प कंपनीची 'टेराफॉर्म' ही प्रणाली २०१४ साली आली. तिची रचना अनेक कंपन्यांच्या क्लाउडवर चालेल अशी होती. तिच्या परवान्याच्या अटी २०२३ साली बदलल्या, तेव्हा 'ओपनटोफू' ही तिची मुक्त शाखा वेगळी होऊन लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयास गेली.

३

समजा, एखाद्या भाषाविज्ञान विभागास बोलींच्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह क्लाउडवर उभा करावयाचा आहे. त्यासाठी एक खाजगी जाळे, मुद्रणांसाठी एक साठवण, नोंदींसाठी एक डेटाबेस आणि शोधाची सोय करणारा एक सर्व्हर, अशा चार वस्तू हव्यात. हे काम दोन रीतींनी लिहिता येईल.

पहिली रीत आज्ञांची. 'जाळे निर्माण कर. नंतर त्यात डेटाबेस ठेव. नंतर सर्व्हर सुरू कर', अशी आज्ञावली क्रमाने लिहावयाची. तिच्यातील प्रत्येक वाक्य आज्ञार्थी आहे, आणि त्याचा परिणाम ते केव्हा उच्चारले यावर अवलंबून आहे. हीच आज्ञावली दुसऱ्यांदा चालविली तर एक तर ती मध्येच अडेल, नाही तर दुसरा सर्व्हर उभा राहून दुप्पट भाडे लागू होईल. आज्ञेतील लहानशी चूकही तत्काळ कृतीत उतरते. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया येथील एस-थ्री सेवा कित्येक तास विस्कळीत झाली. त्याचे कारण ॲमेझॉनने स्वतःच प्रसिद्ध केले. थोडे सर्व्हर काढून घेण्यासाठी दिलेल्या एका आज्ञेत एक मूल्य चुकीचे पडले आणि योजिल्यापेक्षा पुष्कळ अधिक सर्व्हर निघाले. आज्ञा नित्याचीच होती आणि ती देणाऱ्यास तसा अधिकारही होता.

दुसरी रीत साच्याची. साच्यात क्रियापदे जवळजवळ नसतातच. 'एक जाळे, त्याचा विस्तार अमुक. एक डेटाबेस, आकार अमुक, तो वरील जाळ्यात. एक सर्व्हर, तो वरील डेटाबेसशी जोडलेला', अशी नामे व विशेषणे त्यात येतात. आधी काय व नंतर काय, हे लेखकाने सांगावे लागत नाही. डेटाबेसच्या वर्णनात जाळ्याचा निर्देश आहे, त्याअर्थी जाळे आधी हवे, हे प्रणाली निर्देशांवरूनच ताडते. दोन वस्तूंनी परस्परांचा निर्देश केला तर मात्र क्रम लागत नाही. आपल्या शास्त्रग्रंथांत ज्यास अन्योन्याश्रय म्हणतात, तोच हा दोष होय. तो आढळल्यास प्रणाली साचा नाकारते. तोच साचा दुसऱ्यांदा लागू केला असता, वर्णिलेली स्थिती अगोदरच सिद्ध असल्यामुळे, काहीही घडत नाही.

यावरून साचा म्हणजे केवळ वर्णन, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु साचा लिहिला जातो तेव्हा त्याने वर्णिलेली वस्तू बहुधा अस्तित्वातच नसते. तेव्हा हे वर्णन कोणत्या जातीचे, हा प्रश्न उरतोच.

४

या प्रश्नाचे उत्तर शोधताना एलिझाबेथ ॲन्स्कम यांनी 'इंटेन्शन' (१९५७) या ग्रंथात दिलेला एक दृष्टान्त फार उपयोगी पडतो. एक मनुष्य यादी हाती घेऊन बाजारात खरेदी करीत आहे, आणि एक गुप्तहेर त्याच्या मागोमाग फिरून तो काय घेतो हे टिपीत आहे. दोन्ही याद्या शब्दशः सारख्या असू शकतील. तरीही पिशवीतील जिनसांशी मेळ बसला नाही, तर दोहोंचा न्याय वेगळा होतो. खरेदीच्या यादीशी मेळ नसेल तर चूक खरेदीत आहे. पिशवी दुरुस्त करावयास हवी. हेराच्या यादीशी मेळ नसेल तर चूक नोंदीत आहे. यादी दुरुस्त करावयास हवी.

साचा ही खरेदीची यादी होय. तो जगाशी जुळत नसेल तर जग बदलावयाचे असते. टेराफॉर्ममध्ये हेराची यादीही असते, हे विशेष. तिला 'स्टेट' म्हणतात. प्रणालीने काय निर्माण केले व त्याचे सध्याचे रूप काय, याची नोंद तीत असते. 'प्लॅन' ही आज्ञा दिली असता टेराफॉर्म प्रथम प्रत्यक्ष यंत्रणा पाहून नोंद ताजी करते, मग साचा व नोंद यांची तुलना करून काय निर्माण होईल, काय बदलेल आणि काय नष्ट होईल हे सांगते. 'अप्लाय' म्हटल्यावरच, आणि वापरणाऱ्याची संमती घेऊन, ती जगास हात लावते. आज्ञावलीत न सापडणारा असा हा विचारास अवकाश आहे. मात्र या नोंदीत गुप्तशब्द उघड स्वरूपात येऊ शकतात. म्हणून ती साच्याबरोबर सर्वांच्या हाती देणे योग्य नव्हे.

आता विसंवादाचा विचार करू. परिषदेच्या आदल्या रात्री सर्व्हर अपुरा पडतो. कोणी सहकारी घाईने पडद्यावरून त्याचा आकार वाढवितो आणि साच्यास स्पर्श करीत नाही. या स्थितीस 'ड्रिफ्ट' म्हणतात. हेतू चांगला असला तरी जगातील हा बदल यादीबाहेरचा आहे. पुढे कोणी साचा लागू केला की टेराफॉर्म तो बदल परतविण्याचा प्रस्ताव मांडील. क्लाउडफॉर्मेशनची नेहमीची रीत निराळी आहे. ती नव्या साच्याची तुलना मागील साच्याशी करते. त्यामुळे साचा बदललाच नाही तर हाताने केलेला बदल तसाच राहतो. तो हुडकण्याची सोय २०१८ पासून आहे, पण ती वेगळी मागावी लागते. एका प्रणालीत परक्या हाताचे काम पुसले जाण्याचा धोका आहे, तर दुसरीत ते न कळता राहण्याचा. साच्याचा अधिकार प्रणालीच्या बळावर टिकत नाही. बदल आधी संहितेत करावयाचा, मग जगात, हा नियम सर्वांनी पाळला तरच तो टिकतो.

५

याहून गंभीर धोका नावांत आहे. साच्यातील प्रत्येक वस्तूस लेखक एक नाव देतो. ते जगात कोठेही दिसत नाही. पण नोंदीतील वस्तू व साच्यातील वर्णन यांची गाठ त्या नावानेच बांधलेली असते. समजा, वरील साच्यात सर्व्हरचे नाव 'शोध' असे होते, आणि नव्या संशोधकाने ते अधिक अन्वर्थक म्हणून 'बोलीशोध' असे केले. मराठी वाचकास ही एकाच वस्तूची दोन नावे वाटतील. प्रणालीस मात्र असे दिसते की, 'शोध' नावाची वस्तू यादीतून गेली, म्हणून ती नष्ट करावयाची, आणि 'बोलीशोध' ही नवी वस्तू आली, म्हणून ती निर्माण करावयाची. ईसी-टू सर्व्हर कायमचा बंद केला की त्याची मूळ डिस्कही सामान्यतः त्याबरोबर पुसली जाते. सहा महिने चाललेल्या शब्दवर्गीकरणाच्या नोंदी त्या डिस्कवरच असतील तर त्या गेल्या. त्यांच्या जागी येणारा सर्व्हर साच्याच्या दृष्टीने निर्दोष आणि आतून रिकामा असतो.

येथे टेराफॉर्म पूर्वसूचना देत नाही असे नाही. प्लॅनमध्ये 'एक निर्माण, एक नष्ट' असे स्पष्ट येते. पण ते वाचावे लागते. नामांतर हे नामांतरच आहे, असे प्रणालीस सांगण्यासाठी २०२१ च्या अखेरीस टेराफॉर्ममध्ये 'मूव्ह्ड' ही रचना आली. 'अमुक म्हणजेच पूर्वीचा तमुक' असे अभेदाचे विधान तिच्या साहाय्याने करता येते. अमुक वस्तू नष्ट करू नये, असा निर्बंध साच्यात घालण्याचीही सोय आहे.

६

या विवेचनावरून साच्याच्या सामर्थ्याची मर्यादाही ध्यानात येते. साचा जपून ठेविला म्हणजे संग्रह जपला, असा समज विभागांत सहज रूढ होऊ शकतो. तो चुकीचा आहे. मुंबईतील यंत्रणा उद्या हैदराबादच्या केंद्रात हवी असेल, तर केंद्राचे नाव व त्याबरोबर बदलणारी थोडी मूल्ये पालटून त्याच साच्यावरून ती उभी करता येईल. पण तेथील साठवण व डेटाबेस रिकामे असतील. घर पुन्हा बांधता येते. त्यात राहणारी माणसे त्या नकाशात नसतात. ध्वनिमुद्रणे आणि नोंदी यांच्या प्रती स्वतंत्रपणे राखावयास हव्यात.

तेव्हा साचा वर्णनाच्या रूपाने लिहिलेला संकल्प आहे, असे म्हणणे सयुक्तिक होईल. रूप वर्णनाचे असल्यामुळे तो वाचता येतो, दोन पाठांची तुलना करता येते, कोणता पाठ कोणी व केव्हा बदलला हे पाहता येते. कार्य संकल्पाचे असल्यामुळे त्यातील एक शब्दही निरुपद्रवी मानता येत नाही. संहितेतील पाठभेद तपासण्याची सवय ज्यांच्या अंगी मुरली आहे, त्या भाषेच्या अभ्यासकांनी हे वाचन केवळ तंत्रज्ञांवर सोपवू नये. साच्यात बदल होईल तेव्हा त्याचा प्लॅन संग्रहाच्या जाणकाराने एकदा वाचावा, आणि 'नष्ट' हा शब्द जेथे येईल तेथे थांबून कारण विचारावे. तो शब्द ज्या वस्तूस लागतो तीत काय साठविले आहे, हे प्रणालीस ठाऊक नसते. संग्रह करणाऱ्यास असते.